रीलोडिंगचे साहित्य परवडणाऱ्या दरात कसे मिळवावे? (अमेरिकेतील नेमबाजांसाठी)

सायोटोकाठ

नमस्कार मंडळी,

मी कोलंबस, ओहायो येथे राहतो आणि एका क्लबच्या रेंजवर नियमित नेमबाजी करतो. माझ्याकडे ९ एमएमचे पिस्तूल, .३८ स्पेशलचे जुने रिव्हॉल्व्हर आणि .३०८ ची रायफल आहे. तयार काडतुसांचा खर्च, विशेषतः मॅच (नेमबाजी स्पर्धेच्या) दर्जाच्या .३०८ चा, आता घरखर्चाच्या वहीत डोळ्यांत भरू लागला आहे. झाडलेल्या पुंगळ्या मी आजवर जपून ठेवल्या आहेत आणि त्या पुन्हा भरण्याचा विचार आहे.

अडचण साहित्याची आहे. क्लबमधील जुने सभासद सांगतात की २०२० पूर्वी प्रायमरचा (पुंगळीच्या तळाशी बसणाऱ्या, पावडर पेटवणाऱ्या टिकलीचा) हजाराचा डबा तीस-पस्तीस डॉलरना मिळत असे; आज इथल्या दुकानात तोच सत्तर ते ऐंशीला आहे. पावडरचा पौंड चाळीस डॉलरच्या पुढे गेला आहे. संकेतस्थळांवर दर कमी दिसतात, पण पैसे भरण्याच्या पानावर घातक मालाच्या वाहतुकीचे शुल्क जोडले जाते आणि सारा फायदा आटतो. साहित्य कुठून आणि कशा पद्धतीने घ्यावे, काटकसर कुठे चालते आणि कुठे अजिबात चालत नाही, आणि मुळात हा उद्योग परवडतो का, याविषयी अनुभवी सभासदांनी लिहावे. कोणत्या काडतुसात किती पावडर घालावी हे मी इथे विचारत नाही. ती माहिती पावडर कंपन्या स्वतःच मोफत देतात.

टेक्सासकर

आपल्या तीन कॅलिबरांचे उत्तर एकच नाही, त्यामुळे प्रत्येकाचा हिशोब वेगळा मांडतो. दर माझ्या भागातले आणि ढोबळ आहेत.

९ एमएम: प्रायमर सात सेंट. एका पौंडात ७,००० ग्रेन असतात. केवळ हिशोबासाठी दर काडतुसाला पाच ग्रेन धरले, तर एका पौंडात १,४०० काडतुसे होतात, म्हणजे पावडर तीन सेंटची. रंगलेपित शिशाची गोळी आठ-नऊ सेंटना पडते. पुंगळी फुकट धरली तरी बेरीज अठरा-एकोणीस सेंट होते, आणि घाऊक घेतल्यास तयार काडतूस तेवीस-चोवीस सेंटना मिळते. पाच सेंटसाठी तासन्‌तास प्रेसचा (काडतुसे भरण्याच्या हातयंत्राचा) दांडा ओढायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

.३०८ मॅच: इथे पावडर बरीच लागते, एका पौंडात जेमतेम दीडशेच्या आसपास काडतुसे होतात, म्हणजे तीस सेंट. चांगली मॅच गोळी चाळीस ते पन्नास सेंट, प्रायमर आठ-नऊ. एकूण ऐंशी-नव्वद सेंट, तर त्याच दर्जाचे तयार काडतूस दीड ते दोन डॉलर. शिवाय आपल्या रायफलला जे मानवते तेच भरता येते, हा फायदा पैशांत मोजता येत नाही.

.३८ स्पेशल: कारखान्यांना या जुन्या कॅलिबरांत रस कमी उरला आहे, त्यामुळे तयार माल महाग आहे आणि भरायला मात्र ९ एमएमइतकाच खर्च येतो. माझ्या मते आपण सुरुवात इथूनच करावी.

फटफटी

या छंदात पैसे कधीच वाचत नाहीत. तेवढ्याच पैशांत गोळ्या मात्र दुप्पट झाडल्या जातात.

टेक्सासकर

फटफटी, आपले म्हणणे नाकारण्याची माझी प्राज्ञा नाही. एक भर घालतो. तयार काडतुसांच्या किमतीत उत्पादकाने भरलेला ११ टक्के फेडरल अबकारी कर दडलेला असतो आणि तो १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यान्वये वन्यजीव संवर्धनाकडे जातो. सुट्या प्रायमर-पावडरवर तो लागत नाही. आपल्या बचतीचा एक भाग तिथून येतो.

पितळखोरा

पुंगळ्यांविषयी लिहितो, कारण या धंद्यात खरोखर फुकट मिळणारी वस्तू तेवढीच आहे. रेंजची परवानगी असेल तर शनिवारी संध्याकाळी थोडे वाकण्याची तयारी ठेवावी. काही रेंज जमिनीवर पडलेल्या पुंगळ्या स्वतःच्या मानतात, त्यामुळे आधी विचारणे बरे.

घरी आणल्यावर निवड करणे हेच मोठे काम असते. पोलादी पुंगळ्या लोहचुंबकाने वेगळ्या कराव्यात. ॲल्युमिनियमच्या टाकून द्याव्यात. पितळी पुंगळीच्या आत टॉर्चने पाहावे: मधोमध एकच छिद्र असेल तर ती बॉक्सर पद्धतीची, म्हणजे आपल्या कामाची; दोन बारीक छिद्रे दिसली तर ती बर्डन, तिचा नाद सोडावा. लष्करी पुंगळ्यांत प्रायमर जागेवर दाबून पक्का केलेला असतो. तो काढल्यावर ती कडा कापून किंवा दाबून साफ करावी लागते, नाहीतर नवा प्रायमर नीट बसत नाही. .४५ एसीपीमध्ये लहान आणि मोठ्या अशा दोन्ही मापांच्या प्रायमरच्या पुंगळ्या फिरत असतात, त्या मिसळल्या की प्रेसवर वैताग येतो.

सफाईसाठी नेमबाजीच्या दुकानातील अक्रोडाच्या टरफलांचा भुगा घेऊ नये. पाळीव प्राण्यांच्या दुकानात सरड्यांच्या पिंजऱ्यात अंथरायला तोच भुगा मोठ्या पिशवीत आणि बऱ्याच कमी दरात मिळतो.

कृष्णाकाठ

एक भाबडी शंका. आपल्याकडे पितळेची भांडी चिंचेने किंवा पितांबरीने लख्ख होतात. पुंगळ्यांना तीच युक्ती का चालू नये? माझ्या यजमानांनी सरड्यांचा भुगा आणून ठेवला आहे आणि आमच्याकडे सरडा नाही, त्यामुळे शेजाऱ्यांचे प्रश्न वाढले आहेत.

धातुवेत्ता

कृष्णाकाठताई, शंका भाबडी मुळीच नाही. सौम्य आम्ल पितळेला चालते. इथले पुष्कळ जण कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे दोन थेंब आणि चिमूटभर लिंबूसत्त्व घालून पुंगळ्या घुसळतात. प्रमाण वाढले किंवा पुंगळ्या फार वेळ भिजत राहिल्या तर जस्त सुटू लागते आणि पितळ गुलाबी दिसते, एवढे पाहावे, आणि धुतल्यावर पूर्ण वाळवाव्यात.

चालत नाही तो अमोनिया. भांडी चमकवण्याच्या काही तयार पॉलिशांत तो असतो, म्हणून डब्यावरील घटक वाचल्याशिवाय वापरू नये. या नियमाचा इतिहास आपल्याच भूमीत घडला आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील ब्रिटिश सैन्याची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांच्या आसपास साठवली जात आणि पावसाळा सरल्यावर पितळी पुंगळ्यांना आपोआप तडे गेलेले आढळत. घोड्यांच्या मुत्रातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी ओढून घडवताना पितळात उरलेला ताण, या तिन्हींचा तो संयुक्त परिणाम होता, हे १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी उलगडून दाखवले. तडा गेलेल्या पुंगळीतून झाडताना तप्त वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो, म्हणून दोन डॉलरच्या पॉलिशसाठी हा धोका घेऊ नये.

फटफटी

म्हणजे घोडा आणि पुंगळ्या एका छपराखाली नकोत. आमच्या अपार्टमेंटच्या नियमावलीत घोडा आधीच बसत नाही.

डॉ_निवडुंग

विनोद चालू द्या, पण भुग्याचा विषय निघालाच आहे तर एक गंभीर गोष्ट सांगते. बहुतेक प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट हे शिशाचे संयुग असते आणि झाडल्यानंतर शिसे काजळीच्या रूपात पुंगळीतच राहते. कोरड्या भुग्यात पुंगळ्या घुसळल्या की ते धुळीबरोबर हवेत येते. हे काम गॅरेजमध्ये किंवा अंगणात करावे, भुगा चाळताना मास्क लावावा, नंतर हात शिसे काढणाऱ्या साबणाने आणि थंड पाण्याने धुवावेत, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर किंवा मुलांच्या खोलीत यातील काहीही आणू नये. मुलांच्या रक्तातील शिशासाठी सीडीसीने (अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने) २०२१ पासून धरलेली संदर्भ पातळी दर डेसिलिटरला फक्त ३.५ मायक्रोग्रॅम आहे, यावरून किती थोडे शिसे पुरते याचा अंदाज यावा. घरात लहान मूल असेल तर ओल्या पद्धतीने धुणे अधिक सुरक्षित, मात्र ते पाणी भाजीच्या वाफ्यात ओतू नये.

एच१बी_वारकरी

उत्तम धागा. मी एच-१बी व्हिसावर आहे आणि मित्राबरोबर रेंजवर जातो. बंदूक घेता येत नाही हे ठाऊक आहे, पण नुसते प्रायमर आणि पावडर घेऊन मित्रासाठी काडतुसे भरून दिली तर चालेल का? दर महिन्याला थोडे पैसेही सुटतील.

मिसिसिपीपार

वारकरी, दोन्ही गोष्टी करू नका. तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला बंदूक किंवा ॲम्युनिशन बाळगण्यास फेडरल कायद्याच्या १८ यू.एस.सी. ९२२(जी)(५)(बी) या कलमाने मनाई आहे आणि फेडरल कायद्यातील ॲम्युनिशनच्या व्याख्येत तयार काडतुसांबरोबर पुंगळी, प्रायमर, गोळी आणि पावडर ही चारही येतात. म्हणजे खिशात प्रायमरचा डबा असणे हाही तुमच्यासाठी गुन्हा ठरू शकतो. अपवाद आहेत, त्यांपैकी सर्वपरिचित म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. पण त्यावर विसंबण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलावे, कारण इथे पणाला ग्रीन कार्डाची सगळी रांग लागते. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई नाही.

दुसरा मुद्दा विक्रीचा. स्वतःसाठी भरायला फेडरल परवाना लागत नाही, परंतु भरून विकण्याचा व्यवसाय करायचा तर टाइप ०६ परवाना लागतो. राज्यांचे कायदे आणखी वेगळे आहेत: मॅसॅच्युसेट्समध्ये प्रायमर आणि पावडर घेतानाही बंदुकीचा परवाना दाखवावा लागतो.

एच१बी_वारकरी

मनःपूर्वक आभार. मी आपला प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवतो.

जुना_भिडू

मूळ प्रश्नाकडे येऊ. स्वस्त साहित्य हवे असेल तर एस्टेट सेल! एखादे वृद्ध गृहस्थ निवर्तले की त्यांचे गॅरेज रिकामे होते आणि तिथे प्रेस, डाय (पुंगळीला आकार देणारे साचे), काटे, गोळ्या, पावडरचे डबे, सगळे मातीमोल दराने मिळते. मी माझे निम्मे साहित्य असेच जमवले आहे. नवीन वस्तूंसाठी एवढे पैसे मोजणाऱ्यांचे मला नवल वाटते.

टेक्सासकर

भिडू, अर्ध्या भागाशी पूर्ण सहमत आणि उरलेल्या अर्ध्याशी पूर्ण असहमत. ओतीव लोखंडी प्रेस आपल्यापेक्षा जास्त जगतो, तो जुना जरूर घ्यावा. पावडरचा उघडलेला डबा मात्र कोणाकडूनही, कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. डब्यावर जे नाव आहे तेच आत आहे याची खात्री देणारा माणूस आता हयात नाही. दोन भिन्न पावडरी दिसायला जवळजवळ सारख्या असतात आणि जळण्याच्या वेगात जमीनअस्मानाचा फरक असतो. रायफलची समजून पिस्तुलाची पावडर भरली तर बंदूक फुटते.

जुना_भिडू

सीलबंद डबा असेल तर?

टेक्सासकर

सीलबंद असेल, साठवण थंड आणि कोरड्या जागी झाली असेल, तर माझी हरकत नाही. उघडल्यावर आंबट, झोंबणारा वास आला किंवा तांबूस धूळ दिसली तर ती खराब झाली आहे असे समजावे.

पितळखोरा

आणि वजनकाटा नवा घ्यावा, सोबत तपासणीची वजने घ्यावीत. काटकसर प्रेसमध्ये करावी. ली कंपनीचा सिंगल स्टेज (एका वेळी एकच टप्पा करणारा) प्रेस नवा घेतला तरी इतरांच्या मानाने बराच स्वस्त पडतो आणि .३०८ साठी त्याहून जास्त काही लागत नाही.

मिसिसिपीपार

दर का चढले हे समजले तर खरेदीची वेळ साधणे सोपे जाते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

२०२० मध्ये साथ, निवडणूक आणि दंगली यांमुळे मागणी अचानक फुगली आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात रेमिंग्टन ही बंदुका-काडतुसांची कंपनी दिवाळखोरीत गेली. तिचा काडतूस विभाग व्हिस्टा आउटडोअरने घेतला, जिच्याकडे सीसीआय आणि फेडरल हे प्रायमर-काडतुसांचे ब्रँड आधीपासून होते. त्यानंतर २०२४ च्या नोव्हेंबरात हा सगळा काडतूस व्यवसाय चेकोस्लोव्हाक ग्रुप या युरोपीय समूहाकडे गेला. थोडक्यात, अमेरिकेतील प्रायमरच्या चार परिचित नावांपैकी तीन एकाच मालकाची आहेत आणि चौथे, विंचेस्टर, ओलिनचे आहे. स्पर्धा एवढीच असताना दर २०१९ ला परततील अशी आशा मी तरी करत नाही.

पावडरचे कारण वेगळे आहे. धूररहित पावडरचा पाया नायट्रोसेल्युलोज असतो आणि युक्रेनच्या युद्धामुळे तोफगोळ्यांच्या प्रणोदकांसाठी त्याची जगभर ओढाताण चालू आहे. तोफगोळा बनवणाऱ्या कारखान्यापुढे आपला एक पौंडाचा डबा अर्थातच रांगेत मागे उभा राहतो.

यातून माझे तीन निष्कर्ष निघाले. पहिला, ब्रँडनिष्ठा सोडावी. बोस्नियाचे जिनेक्स, चेक सेलिये अँड बेलो किंवा इटलीचे फिओक्की हे प्रायमर साध्या सरावाला पुरतात आणि बऱ्याचदा स्वस्त असतात. प्रायमर बदलला की पावडरचे प्रमाण पुन्हा खालपासून सुरू करून तपासावे, हे ओघाने आलेच. दुसरा, टंचाईची अफवा उठल्यावर खरेदी करू नये. निवडणुकीच्या वर्षात तर मुळीच नाही. तिसरा वाहतूक शुल्काचा. ते डब्यागणिक नसून मागणीगणिक असते. शुल्क पंचवीस डॉलर धरले, तर हजार प्रायमर मागवल्यास प्रत्येकावर अडीच सेंटचा बोजा पडतो आणि पाच हजार मागवल्यास अर्ध्या सेंटचा. पुष्कळ दुकाने प्रायमर आणि पावडर एकाच शुल्कात पाठवतात आणि वर्षातून काही वेळा ठरावीक रकमेवरील मागणीला ते माफही करतात. एरवी एखाद्या डब्यासाठी स्थानिक दुकानच स्वस्त पडते, जरी त्याचा छापील दर जास्त दिसत असला.

डॉ_निवडुंग

मग सगळेच वीस हजार मागवून तळघरात ठेवतील, अशी भीती वाटते.

मिसिसिपीपार

त्यालाही मर्यादा आहे, डॉक्टर. एनएफपीए ४९५ या अग्निसुरक्षा मानकाप्रमाणे घरात १०,००० प्रायमर आणि मूळ डब्यांत २० पौंड पावडर ठेवता येते. त्यापुढे ५० पौंडांपर्यंत निदान एक इंच जाडीच्या लाकडी पेटीत. पेटी लाकडी असण्याला कारण आहे: आग लागलीच तर लाकूड लवकर मोकळे होते आणि दाब साठत नाही, उलट घट्ट बंद पोलादी तिजोरीत तो साठतो. स्थानिक नियम आणि घरमालकाशी केलेला करार याहून कडक असू शकतो.

खडकीकर

मी पुण्याहून वाचतो आहे. आमच्या घरापासून ॲम्युनिशन फॅक्टरीची भिंत दिसते, १८६९ पासून तिथे काडतुसे बनतात, आणि मला मात्र परवान्यावर ठरलेल्या संख्येत महागडी काडतुसे दुकानातून घ्यावी लागतात. इथे कोणी घरी रीलोडिंग करते का? नसेल तर तुमच्यापैकी कोणी दिवाळीला येताना एखादा लहान प्रेस आणू शकेल का?

मिसिसिपीपार

खडकीकर, कृपया हा विचार मनातून काढून टाका. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि त्या अधिनियमातील दारूगोळ्याच्या व्याख्येत सुटे भागच नव्हे तर तो बनवण्याची यंत्रसामग्रीही धरली आहे. आपण ज्याला लहान प्रेस म्हणता, तो आणणाऱ्याची दिवाळी पोलीस ठाण्यात साजरी होईल.

कृष्णाकाठ

भारतवारीचा विषय निघाला म्हणून सांगते. आमचे एक नातेवाईक रेंजला नेण्याची पाठपिशवीच घेऊन मुंबईला गेले. अस्तराच्या कप्प्यात एक काडतूस राहून गेले होते आणि परतीच्या प्रवासात देशातल्या एका विमानतळावर ते तपासणीत सापडले. गुन्हा नोंदला गेला, वकील करावा लागला, तिकीट बुडाले. जाणीवपूर्वक ताबा नव्हता म्हणून प्रकरण शेवटी मिटले, पण तोवर त्या काडतुसाची किंमत विमानाच्या तिकिटाहून जास्त झाली होती. आता आमच्याकडे रेंजची पिशवी गडद नारिंगी आहे आणि ती गॅरेजच्या बाहेर येत नाही.

फटफटी

धाग्याचे नाव परवडणारे साहित्य असे आहे, म्हणून नोंदवतो की आतापर्यंतच्या चर्चेतील सर्वांत महाग काडतूस हेच ठरले.

सायोटोकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आता माझा बेत असा आहे: ९ एमएम तयारच घ्यायचे, घाऊक. .३८ आणि .३०८ घरी भरायचे. प्रेस जुना लोखंडी शोधतो, काटा आणि वजने नवी घेतो. डाय दोन्ही कॅलिबरांचे वेगळे लागतील; .३८ साठी कार्बाइडचे घ्यावेत का? दुसरे, रिव्हॉल्व्हरच्या लांब पुंगळीत पावडर तळाशी एवढीशी दिसते की चुकून दुप्पट पडली तरी कळणार नाही, अशी धास्ती वाटते.

पितळखोरा

कार्बाइडचेच घ्यावेत. सरळ पुंगळीला मग वंगण लावावे लागत नाही आणि पुसण्याचे काम वाचते. .३०८ ला मात्र वंगण चुकत नाही. कंजुषी केली तर पुंगळी डायमध्ये अडकते आणि ती काढण्याचे साधन वेगळे विकत घ्यावे लागते.

दुपटीची धास्ती रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे कंपनीच्या तक्त्यातील अशी पावडर निवडणे, जी वजनाला हलकी आणि आकाराने फुगीर असते. तिचे दुप्पट माप पुंगळीत मावतच नाही, ओसंडून बाहेर येते. शिवाय पन्नास पुंगळ्यांचा लाकडी ठोकळा वापरावा आणि गोळी बसवण्याआधी टॉर्च धरून सगळ्यांतील पातळी एकदम पाहावी. तेव्हा फोन दुसऱ्या खोलीत असावा.

टेक्सासकर

आणि टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा. काम संपले की उरलेली पावडर त्याच डब्यात परत टाकूनच उठावे.

इरीतळ्याचा_पाहुणा

सायोटोकाठ, मी क्लीव्हलँडला असतो. आमच्या क्लबमधील आम्ही चौघे पुढच्या महिन्यात रायफलचे मोठे प्रायमर आणि .३०८ ला चालणारी पावडर एकत्र मागवणार आहोत. सगळे ग्रीन कार्डधारक किंवा नागरिक आहेत. आपण सामील झालात तर शुल्काचे पाच भाग होतील. माल माझ्या पत्त्यावर येईल आणि त्याच शनिवारी प्रत्येकाने आपापला उचलायचा, म्हणजे माझ्या घरी दहा हजारांची मर्यादा ओलांडली जाणार नाही.

सायोटोकाठ

अवश्य. रायफलचे मोठे प्रायमर दोन हजार आणि पावडर चार पौंड माझ्या नावे धरावी. रक्कम आणि वार निरोपातून कळवा.